यादीतल्या पत्त्यावर कुलूप होतं, म्हणजे ग्रुप बंद पडला का?

तुम्ही लिहिलंय की व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन पंधरा दिवस झाले. केंद्राच्या यादीत एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा ग्रुप) मीटिंगसाठी जी शाळा दिली होती तिथे दोन मंगळवार गेलात, दोन्ही वेळा गेटला कुलूप. तर ग्रुप बंद पडला असं समजायचं का? नाही, अजिबात समजू नका. तुमचं वाचून काल रात्री मला झोप लागली नाही, कारण 2009 च्या मार्चमध्ये मी अशाच एका गेटसमोर उभा होतो.

मीटिंगमध्ये काय चालतं, बारा पायऱ्या म्हणजे काय, हे केंद्रात कानावर आलं असेलच. त्यात शिरत नाही.

माझ्या हातात झेरॉक्सची झेरॉक्स होती. फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे पुसट झालेले. शाळेचा शिपाई म्हणाला, "इथं असलं काय भरत नाय." मी मागे फिरलो. दुसऱ्या दिवशी केंद्रात फोन केला, तर उत्तर मिळालं, "आमच्याकडे तीच यादी आहे. त्रास होत असेल तर परत अ‍ॅडमिट व्हा." ग्रुपमधल्या एकाही माणसाचा नंबर दिला नाही. एवढे पैसे घेऊन महिनाभर ठेवता आणि निघताना कुणी कधी तपासला नाही असा कागद हातात देता? घरी आल्यावरचे पहिले आठवडे किती अवघड असतात हे यांना कुणी सांगायला हवं का? हा राग अजून गेलेला नाही. सगळी केंद्रं अशी नसतात, हेही तितकंच खरं. पुण्याच्या मुक्तांगणमधून (1986 पासूनचं आहे) आलेले कितीतरी मित्र मला पुढे ग्रुपमध्ये भेटले.

पण सगळ्यात महागात पडली ती माझी स्वतःची चूक. कुलूप म्हणजेच उत्तर, असं मी धरून चाललो. त्याच आठवड्यात पुन्हा प्यायला लागलो ते पुढचे अकरा महिने. नंतर कळलं, परीक्षेसाठी शाळेने खोली काढून घेतली होती आणि ग्रुप दोन गल्ल्या पलीकडे चर्चच्या मागच्या खोलीत बसत होता. त्या संध्याकाळी तिथे सात जण होते. त्या वर्षी धाकटी दहावी पास झाली. मार्क किती पडले, पेढे कुणी आणले, मला काही आठवत नाही. नंतर हिला विचारून घेतलं.

म्हणून सांगतो, आधी माणूस शोधा, पत्ता नंतर. मीटिंगा शाळेत, चर्चमध्ये, समाजमंदिरात भरतात. सुट्ट्या, परीक्षा, निवडणुका आल्या की जागा हलते, कागदावरचा पत्ता तोच राहतो. एएच्या हेल्पलाइनला फोन करा आणि सरळ विचारा, "मला न्यायला कुणी येईल का?" संकोच करू नका. आमच्यात बहुधा दोघे मिळून येतात, आणि तुम्हाला भेटण्यात त्यांचाही दारूविना दिवस सांभाळला जातो. मुळात एए सुरूच अशी झाली. 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हॉटेलच्या लॉबीत उभे होते. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, हाताचं काम फसलेलं आणि बारमधले आवाज कानावर येत होते. ते बारकडे वळले नाहीत. चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिले, बोलायला दुसरा कुणी दारुडा मिळेल का म्हणून. त्यातून डॉ. बॉब भेटले, तेही दारूत अडकलेले, आणि दोघांनी मिळून एए सुरू केली.

एएचा नंबर लागलाच नाही तर 14446 ही सरकारी टोल फ्री हेल्पलाइन आहे. मराठी ऑनलाइन मीटिंगाही कोविडपासून चालू आहेत, तोवर त्यांना बसा. पण शेजारच्या खुर्चीवर माणूस हवाच, असं माझं मत आहे. इतरांचं वेगळं असू शकेल.

वहिनींना सोबत न्यायचं असेल तर मीटिंग ओपन आहे का ते विचारा. क्लोज्ड मीटिंगला घरच्यांना बसता येत नाही. त्यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉन हा घरच्यांचा ग्रुप वेगळा आहे, त्यांनीही जावं असं मला मनापासून वाटतं. एएच्या नावाने कुणी फी मागितली तर तिथून निघा. ऐच्छिक वर्गणीची पिशवी फिरते, पण नव्या माणसाने त्यात काही टाकायलाच हवं असं नाही.

मी डॉक्टर नाही, तरी हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी लिहितो. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी दारू एकदम तोडू नये. दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि 'न सांगता दारू सोडवा'वाली पावडर किंवा गोळी कुणाच्याही जेवणात घालू नका. ती डायसल्फिरामची (दारू सोडवायला डॉक्टर देतात ते औषध) असली आणि खाणारा वर दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊही शकतो.

मीटिंग बहुतेक दीड तासाची असते. निघण्याआधी परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते बघून ठेवा. नाहीतर न्यायला येणाऱ्यालाच सांगा की घरापर्यंत सोडा. गाडी चुकली आणि स्टँडवर थांबावं लागलं, तर स्टँडसमोर काय असतं ते तुम्हाला आणि मला दोघांना माहीत आहे.