अपव्यय कसला? जिरतंय ते!

कुपवाडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ते कामगारांसाठी ड्राइव्हची, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाची, माहितीपुस्तिका मराठीत करताहेत. ‘डायनॅमिक ब्रेकिंग रेझिस्टर’ला ‘गतिरोधक’ म्हणावं का, आणि तो ‘जादा ऊर्जेचा अपव्यय करतो’ हे चालेल का?

गतिरोधक रस्त्यावर आहेत तेवढे पुरेत. डोकं फिरवतो तो ‘अपव्यय’. जी ती पुस्तिका उघडावी तर हाच. अपव्यय म्हणजे उधळपट्टी, उसाचं बिल जमा झाल्यावर घरोघर चालते ती. रेझिस्टर काही उधळत नाही. क्रेन ओझं खाली सोडते तेव्हा मोटारच जनित्र होते आणि वीज उलटी ड्राइव्हमध्ये येते. साध्या ड्राइव्हचे पुढचे डायोड तिला लाइनीत परत जाऊ देत नाहीत. ती कपॅसिटरांत साठते आणि ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर एरवी ५८५ च्या आसपास असणारं डीसी बसचं, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी वाहिनीचं, व्होल्टेज वर चढतं. ७५०-७८० ला चॉपर (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू होतो, वीज पॅनेलबाहेरच्या जाळीच्या पेटीतल्या रेझिस्टरात जाते, आणि तिथे उष्णता होऊन जिरते.

जिरते! आटपाडी-जतच्या माणसाला ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ समजावून सांगावं लागत नाही. इथे डायोड अडवतो, रेझिस्टर जिरवतो. (जिरलेलं पाणी विहिरीला लागतं, ही उष्णता कुठेच लागत नाही, हे कबूल.)

मूळ संस्कृत धातू ‘जॄ’. त्यातून जरा, जर्जर, जीर्ण. खाल्लेलं जिरलं नाही की अजीर्ण. रेझिस्टर नसला की ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो, तेही अजीर्णच. आणि माझ्या मते जिरंही याच घरातलं. ते फारसीतून आलं असं छातीठोक सांगणाऱ्या पंडितांनी आयुर्वेदाचे निघंटू उघडावेत. तिथे जिऱ्याचं एक नाव ‘जरण’ आहे, म्हणजे पचवणारं. आधी मसाल्याचा डबा हुंगावा, मग व्युत्पत्ती सांगावी.

हां, नावाचं राहिलं. रेझिस्टरच ठेवा, फिटर दुसरं काही म्हणत नाही. परवा एका वर्कशॉपात शिकाऊ पोरगा त्या पेटीला हात लावायला गेला, तर म्हातारा हेल्पर ओरडला, “लांब हो की! मोटारीची रग जिरतीया तिथं.”