जमिनीवर झोपायचं नसेल तर: झोळी, खाट आणि पाठीखालची गोधडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात मोरोशीजवळ, माळशेजच्या पायथ्याला, ओळखीच्यांच्या शेतावर दोन रात्री काढायच्या आहेत. तुम्ही, वहिनी आणि दहा वर्षांचा मुलगा. तंबू आहे, पण वहिनी जमिनीवर झोपायला तयार नाहीत. पाच हजारांत तिघांची सोय होईल का? आणि परदेशी शिकाऱ्यांच्या व्हिडिओत दिसतं तसं झाडावर उंच काही बांधता येईल का, कारण तुमचे आजोबा मचाणावर बसायचे.

शेवटचं आधी घेतो. आजोबांचा काळ गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीसाठी मचाण बांधायचा विषय संपला. आता मचाणावर बसायचं ते बुद्धपौर्णिमेच्या रात्री, वनखात्याच्या पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेला. तानसाला मी एकदा बसलोय. मचाण ही जागायची जागा आहे, झोपायची नव्हे. कूस बदलायची सोय नाही, बांबू बरगड्यांत घुसतो, आणि पहाटे डोळा लागला तर शेजारचा चिमटा काढतो. मुलाला घेऊन तर नाहीच. जमिनीपासून उंच म्हणजे किती, तर गुडघ्याइतकं. त्याहून वर गेलात की फायदा तोच राहतो, फक्त पडायची उंची वाढते.

वहिनींचं मात्र बरोबर आहे, नाजूकपणा म्हणून हसण्यावारी नेऊ नका. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसालाच जास्त चावते. दात बारीक, त्यामुळे वेदना नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. थंडीत साप कमी दिसतात, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. भाताचा पेंढा रचलेला असेल तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे साप. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने धोका खूप खाली येतो. विंचवाचंही तेच. कोकणातल्या लाल विंचवावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपाय रूढ करेपर्यंत माणसं दगावायची. बूटही झोळीच्या (म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायच्या हॅमॉकच्या) दोरीला टांगा, आणि सकाळी झटकल्याशिवाय पाय घालू नका. काही चावलंच तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक, यातलं काहीही न करता थेट मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय.

आता मुद्द्याचं. माझा सल्ला: वहिनींना घडीची खाट, तुम्हा दोघांना झोळ्या. गाडीने जाताय म्हणून खाट म्हणतोय. आसनगावहून पाठीवर सामान घेऊन माहुली चढायचा असता तर म्हणालो नसतो. घरात पाहुण्यांसाठी असतो तो नवारीचा घडीचा पलंग कुणाकडे पडून असेल तर तोच उचला. नवा कॅम्पिंग कॉट घेण्यात तुमचे अर्धे पैसे जातील. नवार सैल झाली असेल तर आवळून घ्या. शेतात पाय रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली फरशीचा किंवा फळीचा तुकडा. बास, खाटेचं एवढंच.

झोळीबद्दल जास्त लिहितो, कारण चुका तिथेच होतात आणि मी त्या सगळ्या केल्यात.

मी महाप्याला एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. लोड उचलताना स्लिंगचा, म्हणजे ओझं टांगायच्या पट्ट्याचा, कोन पाहिल्याशिवाय कधी इशारा दिला नाही. आणि पहिली झोळी बांधली ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणून, खाली लोंबायला नको म्हणून. रात्री दोनच्या सुमारास एका बाजूचा हुक उघडला आणि मी पाठीवर. उंची गुडघ्याएवढी होती म्हणून फक्त ठणका लागला. सकाळी चहा पिताना हिशोब मांडला आणि स्वतःचीच लाज वाटली. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांत असेल तर ७५ किलोच्या माणसासाठी प्रत्येक बाजूला ७५ किलोचा ताण येतो. १५ अंशांत तोच १४५ च्या आसपास जातो, १० अंशांत २१५. म्हणजे ताणून बांधलेल्या झोळीत मी एकटा झोपलो नव्हतो, हुकाच्या दृष्टीने आम्ही तिघं होतो.

३० अंश मोजायला काही लागत नाही. दोरी पावणेदोन फूट आडवी गेली की एक फूट चढलेली हवी. झाडं १२ ते १५ फुटांच्या अंतराने निवडा, पट्टा साधारण डोक्याच्या उंचीला बांधा, आणि झोळी लोंबू द्या. बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फूट राहिलं की झालं. लोंबलेली झोळी बघून लोक म्हणतात, अहो हे तर केळं झालं, पाठ मोडेल. सरळ उताणं झोपलात तर मोडेलच. तिरकं झोपायचं, डोकं एका कडेला आणि पाय दुसऱ्या कडेला, की कापड आपोआप सपाट होतं. पण त्यासाठी कापड लांब लागतं, ११ फूट तरी. बाजारातल्या स्वस्त झोळ्या बऱ्याचदा ९ फुटांच्या आसपास असतात आणि मग उंच माणूस कितीही तिरका झाला तरी गुडघ्यात अडकतो. मुलाला ती चालेल, तुम्हाला नाही.

म्हणून तुमची शिवून घ्या. साडेतीन-चार मीटर जाड नायलॉन टाफेटा, पन्हा ५८ इंची. दोन्ही टोकांना शिंप्याकडून रुंद नेफा, दुहेरी शिलाईचा. नेफ्यातून दोरी ओवून चुण्या गोळा करायच्या, की झाली झोळी. आमच्या ऐरोलीच्या टेलरने पहिल्यांदा विचारलं, एवढा परकर कुणासाठी? माझा सगळा खर्च दीड हजारात झाला होता, तोही चार वर्षांपूर्वी, तेव्हा थोडं वर धरा. सुती नऊवारी हाही जुना मार्ग आहे. सव्वाआठ मीटर लांब असते, ती मधे दुमडली की चार मीटरची दुहेरी झोळी होते आणि दोन पदरांमध्ये चटई सरकवता येते. पन्हा थोडा कमी पडतो. फक्त घरातलं जुनेर वापरू नका. बाळाच्या पाळण्याला चालतं ते मोठ्या माणसाला चालेलच असं नाही, आणि जुनं सूत फाटताना आधी आवाज करत नाही.

दोरी आणि पट्टे यात काटकसर नको. काथ्या सालीला घासतो आणि आत कुजलेला असला तरी बाहेरून दिसत नाही. नायलॉन दोरी दवाने ओली झाली की लांबते, आणि रात्री दीड फुटावर झोपलेला माणूस सकाळी गवतात उठतो. पिवळ्या-निळ्या प्लास्टिकच्या दोरीची गाठ सरकते. पॉलिएस्टर घ्या. झाडाभोवती रुंद पट्टा हवा, निदान एक इंच, दोन इंची उत्तम, म्हणजे साल कापली जात नाही. मी कारखान्यातला उपाय करतो: लोड उचलायची पॉलिएस्टर वेबिंग स्लिंग, जांभळी, दोन मीटरची. जांभळा रंग म्हणजे एक टन. झाडाभोवती फास घालून वापरली तर क्षमता थोडी उतरते, तरी तुम्ही त्यात काही एक टन भरणार नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळेल. कळंबोलीला ट्रकवाल्यांकडचे माल आवळायचे जुने लॅशिंग पट्टे स्वस्तात मिळतात खरे, पण उन्हाने पांढुरके पडलेले किंवा कडेला चिरलेले फुकट दिले तरी सोडा.

थंडीचं कुणी सांगत नाही, आणि तुमची पहिली रात्र तिथेच वाया जाईल. झोळीत पाठीखालून हवा वाहते. स्लीपिंग बॅग कितीही भारी असली तरी अंगाखाली ती दबते, आणि दबलेल्या कापसात ऊब राहत नाही. ऊब कापसाची नसते, त्यात अडकलेल्या हवेची असते. वरून घामाघूम आणि खालून पाठ बर्फ, अशी पहाट मी काढलीय. यावर परदेशात झोळीखाली टांगायची खास रजई मिळते, आणि तिच्या किमतीत तुमची अख्खी सहल होईल. आपल्याकडे गोधडी आहे. चारी कोपऱ्यांना नाड्या शिवायच्या आणि झोळीच्या बाहेरून, खाली, टांगायची. तुम्ही आत झोपल्यावर ती पाठीला जेमतेम टेकली पाहिजे. ताणली तर दबते, सैल सोडली तर मधून वारा जातो. दोन-तीनदा उठून नाड्या कमीजास्त कराव्या लागतील, कुरकुर न करता करा. मुलाच्या झोळीत साधी फोमची मॅट टाका, तो हलका आहे, त्याला पुरेल. खाटेलाही हेच लागू: नवारीवर आधी मॅट, मग अंथरूण. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या वर्षी ऐकलं नाही, दुसऱ्या वर्षी माझीच गोधडी पळवली.

मच्छरदाणीसाठी झोळीच्या वर एक आडवी दोरी असू द्या, ११ फुटी झोळीला साधारण ९ फुटांची, दोन्ही टोकं झोळीच्या टोकांनाच बांधलेली. तिने झोळीचा झोल दर वेळी सारखा राहतो आणि जाळी, विजेरी, चष्मा सगळं तिच्यावर. डास एकेरी कापडातून खालूनही चावतात; गोधडी असेल तर तो प्रश्न उरत नाही. दवासाठी वर एक ताडपत्री.

झाडं बघताना आधी वर बघा, मग बुंधा. वाळकी फांदी, आग्यामोहोळ, ओंबीलांची (झाडावरच्या चावऱ्या लाल मुंग्यांची) घरटी, यातलं काही दिसलं की पुढचं झाड. शेवगा आणि पांगारा ठिसूळ. काटेसावरीला हात लावून बघा, सांगायची गरज राहणार नाही. नारळाखाली कुणी झोपत नाही. ऐन, जांभूळ, जाड साग चांगले. कलमी आंब्याला मालकाला विचारल्याशिवाय नाही आणि देवराईत कशालाच नाही. मुंग्या दोरीवरून येतात, म्हणून दोन्ही पट्ट्यांवर कडुनिंबाच्या तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळा. शेत ओळखीच्यांचं आहे हे उत्तम, कारण येऊर, तानसा, कर्नाळा अशा ठिकाणी परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही.

जाण्याआधी एकदा सराव करा, पण गॅलरीच्या ग्रिलला नको. ग्रिल भिंतीत चार स्क्रूंवर असतं आणि झोळी ते आडवं ओढते. सोसायटीच्या बागेत दोन झाडं असतील तर सेक्रेटरींना सांगून दुपारची तासभर झोप काढा, पाठ कुठे दुखते ते तेवढ्यात कळतं. माझ्याकडे दोन जांभळ्या स्लिंग जादा पडून आहेत. ऐरोलीला कधी येणं झालं तर मेसेज करा, न्या आणि जानेवारीत परत द्या.