टोनी लेउंग मुळात मालिकांमधला नट, मग त्याला एवढा थोर का मानतात? त्याचा पहिला कुठला सिनेमा पाहू?

तुमच्या प्रश्नातलं 'मुळात मालिकांमधला' टोचलं, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या हौशी संस्थेकडून मी दहा वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली. मग एका रोजच्या मालिकेत नायिकेच्या थोरल्या दिराचं काम मिळालं. १४ महिने चाललं, घराचे हप्ते सुरळीत गेले. मालिका संपल्यावर तालमीला गेलो, तर आमचे दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या अंगात मालिका शिरलीय रे. वाक्य संपलं की कॅमेऱ्याची वाट बघतोस." सगळे हसले. मीही हसलो. त्या वर्षी मी स्टेजवर नव्हतो, लाइटच्या बोर्डावर होतो.

पुढे एका मित्राकडे 'अ सिटी ऑफ सॅडनेस' (१९८९) पाहिला. तैवानमधल्या १९४७ च्या कत्तलीच्या काळातली गोष्ट, त्यात टोनी मूकबधिर फोटोग्राफर. आगगाडीत दंडुके घेतलेली माणसं त्याला विचारतात, तू कुठला? याला ऐकू येत नाही. जीव वाचवायला घशातून कसेबसे दोन शब्द काढतो, "मी... तैवानी." मी घरी जाऊन आरशासमोर करून पाहिलं. नाही जमलं. गंमत म्हणजे टोनी हाँगकाँगचा, कॅन्टोनीज बोलणारा. त्याला तैवानी येईना, म्हणून पात्राची वाचाच काढून घेतली!

मग शोधलं तेव्हा कळलं, की हा तर आमच्याच जातीचा. १९८२ मध्ये टीव्हीबी या हाँगकाँगच्या वाहिनीच्या नटांच्या प्रशिक्षण वर्गात शिरलेला, तोही स्टीफन चाऊ या मित्राने मागे लागून नेला म्हणून. आधी मुलांच्या कार्यक्रमाचा निवेदक. मग १९८४ मध्ये 'द ड्यूक ऑफ माउंट डीअर' या मालिकेत वाय सिऊ-बो. कुंटणखान्यात वाढलेला, थापाड्या, अखंड बडबड करणारा पोरगा, ४० भाग! त्यात बादशहा झालेला अँडी लाऊ २००२ मध्ये 'इन्फर्नल अफेअर्स' या सिनेमात गच्चीवर याच्यासमोर उभा राहतो.

माझं मत स्पष्ट आहे. ४० भाग जो बडबडला, त्यालाच गप्प बसणं जमलं. मालिकेत रोज उभं राहावं लागतं, मूड लागो न लागो. दोन महिने तालीम करून दोन प्रयोग करणाऱ्यांनी आम्हाला नाकं मुरडू नयेत.

हां, सिनेमा. 'इन द मूड फॉर लव्ह'पासून सुरुवात करू नका. त्यासाठी त्याला २००० साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, पण पहिल्याच भेटीत झोप लागेल. 'चुंगकिंग एक्स्प्रेस' (१९९४) बघा. प्रेयसी सोडून गेलेला पोलीस साबणाच्या वडीची समजूत घालतो, किती बारीक झालीस म्हणून. मग 'द ईगल शूटिंग हिरोज' (१९९३), ज्यात त्याचे ओठ सॉसेजसारखे सुजलेत. डोळ्यांनी अभिनय करणारा म्हणून त्याच्यापुढे हात जोडणारे हा सिनेमा सोयीस्कर विसरतात.

आता खरं सांगायचं तर टीव्हीबीत नटांना आधी वर्गात शिकवत, मग कामाला जुंपत. आम्हाला थेट मेकअपच्या खुर्चीत बसवलं. आणि मी खरोखरच वाक्यागणिक थांबत होतो. दिग्दर्शकांचं तेवढं बरोबर होतं. पण लाइटवर बसवायची गरज नव्हती.

गेल्या दिवाळीत त्यांना तो फोटोग्राफरचा सिनेमा दाखवला, नट कोण ते न सांगता. संपल्यावर म्हणाले, "बघ, याला म्हणतात नट. याने मालिकेचं वारं अंगाला लागू दिलेलं नाही."

त्याच रात्री वाय सिऊ-बोचे ४० भाग कुठे मिळतील ते त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर अजून यायचंय.