‘अमेरिका’ हे बोटीचं नाव, देशाचं नव्हे

प्रश्न असा आहे: शिडाच्या बोटींच्या शर्यतीतल्या ‘अमेरिकाज कप’ या चषकाचं नाव देशावरून पडलं का, आणि जिच्यामुळे तो कप सुरू झाला ती बोट आज कुठे पाहायला मिळते? पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे. नाव देशावरून नाही, ‘अमेरिका’ नावाच्या दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या बोटीवरून आहे. दुसऱ्यासाठी थोडं मागून सुरुवात करावी लागेल, कारण शर्यतीचा तो एक दिवस सगळ्यांना ठाऊक असतो आणि बोटीची पुढची ९० वर्षं कुणी सांगत नाही.

जहाज बंदरात आणायला वाटाड्या लागतो. न्यूयॉर्कच्या वाटाड्यांमध्ये त्या काळी जबर चढाओढ होती. लांबून येणारं जहाज दिसलं की जो आधी पोचेल काम त्याचं. मागे राहिलेला रिकाम्या हाताने परतणार. म्हणून त्यांच्या होड्या वेगवान असाव्याच लागत, आणि उधाणलेल्या समुद्रात टिकणाऱ्याही. जॉर्ज स्टीअर्स याने अशा होड्या आखल्या होत्या, त्यातली ‘मेरी टेलर’ चांगलीच गाजली होती. न्यूयॉर्क यॉट क्लबचे कमोडोर, म्हणजे प्रमुख, जॉन कॉक्स स्टीव्हन्स आणि त्यांच्या भागीदारांनी त्यालाच गाठलं. विल्यम ब्राउनच्या गोदीत बांधलेली ‘अमेरिका’ ३ मे १८५१ रोजी पाण्यात उतरली. बोली ३० हजार डॉलरची होती. पण बोट वेळेत झाली नाही, चाचणीत ती स्टीव्हन्स यांच्याच ‘मारिया’कडून हरली, आणि शेवटी सौदा २० हजारांना ठरला. कप्तान म्हणून न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या सँडी हूकचा एक मुरलेला वाटाड्या, रिचर्ड ब्राउन, घेतला. माझ्या मते तिच्या यशाचं मूळ इथेच आहे. ती श्रीमंतांसाठी बांधली असली तरी तिचा घाट पोटासाठी धावणाऱ्या होडीचा होता.

इंग्लिश बोटींची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तेव्हा बोजड, गोलसर असे आणि मागचा भाग निमुळता. ‘अमेरिका’ची नाळ धारदार, आत वळलेली होती आणि सर्वात जास्त रुंदी, २३ फूट, मध्याजवळ. लांबी जवळपास १०२ फूट. पण खरा फरक शिडांचा होता, असं मला ठामपणे वाटतं. इंग्लिश शिडं जवसाच्या धाग्याची. खालची कड आडव्या दांड्याला फक्त टोकांशी बांधलेली, त्यामुळे शिडाला पोट सुटायचं. कापड घट्ट व्हावं म्हणून त्यावर पाणी मारत. ‘अमेरिका’ची शिडं यंत्रावर घट्ट विणलेल्या जाड सुती कापडाची होती, आणि खालची कड दांड्याला पूर्ण लांबीभर दोरीने ओवलेली. शीड फळीसारखं सपाट राहायचं.

याने काय होतं ते ज्याने सुकाणू धरलंय त्याला लगेच कळेल. मुंबई बंदरात मी छोटी होडी चालवायला शिकत होतो तेव्हा दुपारच्या वाऱ्यात शिडाची खालची कड जरा सैल राहिली तरी होडी वाऱ्याकडे तोंड करायचीच नाही, आडवी सरकत राहायची. शिकवणारे सांगायचे, दोरी अजून दोन बोटं ताण. तेवढी ताणली की सुरकुत्या जायच्या, सुकाणू हाताला हलकं लागायचं आणि नाळ वाऱ्याच्या बाजूला चढायची. तेवढ्या दोन बोटांनी सबंध बेटाभोवतीच्या फेरीत किती फरक पडत असेल ते बघा.

ती फेरी २२ ऑगस्ट १८५१ची, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाभोवती ५३ सागरी मैल. नांगर टाकूनच सुरुवात करायची होती. ‘अमेरिका’ स्वतःच्याच नांगरावर चढली आणि ती सगळ्यांच्या शेवटी निघाली. तरी दक्षिण किनाऱ्यावर, वारा समोरून असताना, तिने सगळ्यांना मागे टाकलं. ‘अ‍ॅरो’ वाळूत रुतली, ‘अलार्म’ तिच्या मदतीला गेली, ‘व्होलांट’ आणि ‘फ्रीक’ एकमेकींवर आदळल्या. संध्याकाळी वारा पडला, तेव्हा ‘ऑरोरा’ बरीच जवळ आली होती. ‘दुसरी कोण आली?’ असं विचारणाऱ्या राणी व्हिक्टोरियाला ‘दुसरं कुणीच नाही’ असं सांगितल्याची गोष्ट फार प्रसिद्ध आहे. ती खरी धरली तरी ‘ऑरोरा’वर तो अन्याय आहे. ४७ टनांची ती छोटी बोट १७० टनांच्या बोटीमागे दुसरी आली, आणि आकारानुसार वेळेची सूट त्या शर्यतीत नव्हती.

‘अमेरिका’ने नॅब इथे खूण म्हणून उभ्या असलेल्या दीपनौकेला घालायचा वळसा चुकवला, म्हणजे फसवलं, असंही लिहिलं जातं. तिला दिलेल्या सूचनेत तो वळसा नव्हताच. हे दाखवल्यावर तक्रार करणाऱ्याने तक्रार मागे घेतली. तो वाद तिथेच मिटलेला आहे.

आपल्या बाजूचा एक धागा इथे आहे. सहाच दिवसांनी, २८ ऑगस्टला, तिला आव्हान दिलं ते ‘टायटानिया’ या लोखंडी बोटीने. तिचे मालक रॉबर्ट स्टीफन्सन, जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे सल्लागार इंजिनिअर. मुंबई–ठाणे मार्गाचं काम त्याच सुमारास चालू होतं. ‘टायटानिया’ जवळजवळ तासाभराच्या फरकाने हरली.

‘अमेरिका’ने त्या शर्यतीत जिंकलेला चांदीचा चषक १८५७ मध्ये न्यूयॉर्क क्लबला देण्यात आला आणि तो १९८३ पर्यंत तिथून हलला नाही. आपण त्या वर्षी लॉर्ड्सच्या आनंदात होतो. सप्टेंबरमध्ये ‘ऑस्ट्रेलिया टू’ने तो नेला.

बोट मात्र शर्यतीनंतर दोन आठवडेही मालकांकडे राहिली नाही. एका उमरावाला विकली, मग हात बदलत गेले, नाव ‘कॅमिला’ झालं, लाकूड कुजलं, इंग्लंडमधल्या नॉर्थफ्लीटला तिची मोठी दुरुस्ती झाली. १८६१ मध्ये ती अमेरिकेतल्या सव्हाना बंदरात पोचली आणि तिथल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या राज्यांच्या ताब्यात गेली. पकडली जाऊ नये म्हणून १८६२ मध्ये फ्लोरिडातल्या एका खाडीत तळाला भोकं पाडून ती बुडवली. उत्तरेच्या आरमाराने ती वर काढली, तिच्यावर तीन तोफा चढवल्या आणि दक्षिणेच्या चार्ल्सटन बंदराच्या नाकेबंदीला लावली. १८७० मध्ये न्यूयॉर्क क्लबने चषक राखण्यासाठी केलेल्या पहिल्या शर्यतीत, १९ वर्षांची असताना, ती चौथी आली. १८७३ मध्ये उत्तरेचे माजी सेनापती बेंजामिन बटलर यांनी ५ हजार डॉलरला घेतली आणि मरेपर्यंत प्रेमाने वापरली.

१९२१ मध्ये ती अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीला भेट मिळाली. पुढची वीस वर्षं तिच्याकडे फारसं लक्ष दिलं गेलं नाही, हे वाचताना मला आजही राग येतो. कुजत गेलेला सांगाडा एका छपराखाली ठेवला होता. २९ मार्च १९४२ रोजी जोरदार बर्फाच्या ओझ्याने ते छप्पर तिच्यावर कोसळलं. १९४५ मध्ये उरलेलं लाकूड मोडीत काढलं.

तेव्हा मूळ बोट आता पाहायला मिळणार नाही. १९६७ मध्ये मेन राज्यात तिची प्रतिकृती बांधली गेली. पण तिच्या मागच्या बाजूला सोनेरी मुलामा दिलेला लाकडी गरुड होता. तो इंग्लंडमध्ये असतानाच उतरवला गेला, आइल ऑफ वाइटवरच्या राइड गावातल्या एका खाणावळीच्या दारावर बरीच वर्षं टांगलेला होता, आणि पुढे इंग्रजांनी तो न्यूयॉर्क क्लबला परत दिला. छप्पर पडलं तेव्हा तो बोटीवर नव्हता.