सायकलच्या दांडीवर आपटून मुलीच्या लघवीच्या जागी मार लागला, तर टाके घालावेच लागतात का?

आपली सात वर्षांची मुलगी काल संध्याकाळी सायकलवरून घसरून दांडीवर आपटली, चड्डी रक्ताने भिजली, आता एका बाजूला निळसर सूज आहे, आणि टाके घालावे लागतील का, असे आपण विचारले आहे. मी बडोद्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सुट्ट्या लागल्या की अशा मुली माझ्याकडे येतातच, आणि त्यांतल्या बहुतेकींना टाके लागत नाहीत.

रक्त किती गेले यापेक्षा, पडल्यानंतर मुलीला लघवी झाली का, हे मी आधी विचारते. त्या भागाला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे लहानशा चिरेतूनही पुष्कळ रक्त येते, पण स्वच्छ कापड दहा-पंधरा मिनिटे न उचलता दाबून धरले की ते बहुधा थांबते. सुजेची गोष्ट वेगळी आहे. लहान मुलींच्या भगोष्ठांत, म्हणजे योनीच्या दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या घड्यांत, चरबीची गादी फारशी नसल्यामुळे दांडी आणि हाड यांच्यामध्ये तो भाग चेंगरतो, आत रक्त साकळते आणि मूत्रमार्गावर दाब येतो. शिवाय झोंबेल या भीतीने मूल लघवी धरून ठेवते. तिला कोमट पाण्याच्या टबात बसवून तिथेच लघवी करू द्यावी. तरीही सहा-आठ तास झाली नसेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून तिला सयाजी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. तिथे सूज उतरेपर्यंत नळी घालता येते.

साकळलेले रक्त आम्ही सहसा चिरा देऊन काढत नाही, कारण आतल्या दाबानेच रक्तस्राव थांबलेला असतो आणि चिरा दिल्यास तो पुन्हा सुरू होऊन जंतुसंसर्गही होऊ शकतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा मिनिटे आणि वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, एवढे बहुधा पुरते. अॅस्पिरिन देऊ नये. हळद किंवा डेटॉल तर नकोच. सूज झपाट्याने वाढत असेल, रक्त आतून येत असेल, टोकदार वस्तू लागली असेल किंवा जखमेचा शेवट दिसत नसेल, तर रडणाऱ्या मुलीला चौघांनी धरून तपासणे मला क्रूर वाटते. भूल देऊन तपासावे आणि गरज असल्यास विरघळणारे टाके घालावेत. लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवावे. पाचव्या वर्षीचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लशीचा) बूस्टर झाला असेल, तर धनुर्वाताचे इंजेक्शन सहसा लागत नाही.

डॉक्टर 'नेमकी कशी पडली?' असे पुन्हा पुन्हा, कदाचित मुलीला वेगळेही विचारतील. त्याचा राग मानू नये. बाहेरची, एका बाजूची जखम अशा पडण्याशी जुळते. जखम आणि हकिगत जुळत नसेल आणि अत्याचाराची शंका आली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने डॉक्टरांना पोलिसांना कळवणे भाग असते.

आपल्या सासूबाईंना पुढच्या पाळीची आणि लग्नाची काळजी वाटते, असेही आपण लिहिले आहे. गर्भाशय आणि बीजकोश ओटीपोटात खोलवर असतात. बाहेरच्या अशा माराने त्यांना इजा होत नाही, आणि निळेपणा दोन-तीन आठवड्यांत जातो.