सीआरएममधल्या ग्राहकांच्या माहितीतून आपल्याला हवा तसा चार्ट कसा बनवायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ग्राहक, ऑर्डरी, फॉलोअप हे सगळं सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंदवलेलं आहे, सॉफ्टवेअरसोबत आलेले चार्टही आहेत, पण कोणते ग्राहक पुन्हा खरेदी करतात आणि कोणते थांबले हे त्यातला एकही चार्ट दाखवत नाही. स्वतः बनवायला घेतला तर बेरीज हिशेबातल्या आकड्याशी जुळत नाही.

बेरीज का जुळत नाही ते आधी पाहू, कारण तोवर चार्ट कितीही देखणा केला तरी फायदा नाही. प्रत्येक चार्टच्या मागे एक तक्ता असतो. त्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय? एक ग्राहक, एक ऑर्डर, की ऑर्डरमधली एक वस्तू? हे कागदावर एका वाक्यात लिहा. बहुतेक घोळ इथेच असतो.

समजा, एका ग्राहकाच्या 1,000, 2,000 आणि 3,000 रकमेच्या तीन ऑर्डरी आहेत आणि त्याच्याकडचे दोन संपर्क, म्हणजे ज्यांच्याशी बोलायचं ती दोन माणसं, तुमच्याकडे नोंदवलेले आहेत. रिपोर्टमध्ये ग्राहक, ऑर्डर आणि संपर्क हे तिन्ही जोडले की प्रत्येक ऑर्डर दोनदा येते. तीनच्या सहा ओळी होतात आणि बेरीज 6,000 ऐवजी 12,000 दिसते. यातली खरी फसवी गोष्ट म्हणजे या ग्राहकाच्या ऑर्डरची सरासरी 2,000 च राहते, त्यामुळे आकडा बघून शंका येत नाही. सगळे ग्राहक एकत्र घेतले की मात्र ज्यांचे संपर्क जास्त त्यांचं वजन वाढतं आणि सरासरी हळूच त्यांच्या बाजूला झुकते. म्हणून चार्टला न लागणारा तक्ता रिपोर्टमध्ये जोडूच नका. ग्राहक मोजायचे असतील तर ओळी मोजू नका, वेगवेगळे ग्राहक क्रमांक मोजा. पॉवर बीआय या चार्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'डिस्टिंक्ट काउंट' आहे. एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्येही तो मिळतो, फक्त पिव्हट बनवतानाच डेटा मॉडेलमध्ये घ्यायची खूण करावी लागते.

आता थांबलेले ग्राहक. या महिन्याच्या ऑर्डरींवर रिपोर्ट केला तर ज्याने ऑर्डर दिलीच नाही त्याची ओळ तक्त्यात येणारच नाही, आणि ओळच नाही तर चार्टमध्ये तो दिसणार कुठून? त्यामुळे सुरुवात ग्राहकांच्या पूर्ण यादीपासून करा आणि ऑर्डरी तिला अशा जोडा की ऑर्डर नसलेला ग्राहकही शिल्लक राहील. सेल्सफोर्स या सीआरएममध्ये रिपोर्ट टाइप, म्हणजे कोणते तक्ते कसे जोडायचे ते, ठरवताना 'ऑर्डर असलेले किंवा नसलेले' असा पर्याय निवडावा लागतो. फक्त नसलेलेच हवे असतील तर क्रॉस फिल्टर लावता येतो. डेटाबेसकडून माहिती मागवायची क्वेरी स्वतः लिहीत असाल तर लेफ्ट जॉइन वापरा, त्यात पहिल्या यादीतली प्रत्येक ओळ टिकते.

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे 'थांबला' कधी म्हणायचं. सरसकट तीन महिन्यांची मुदत लावली की वर्षातून एकदा खरेदी करणारा चांगला ग्राहक थांबलेल्यांत जातो. उलट, दर आठवड्याला घेणारा दोन महिने आला नाही तरी तो चालू ग्राहकांतच बसतो, आणि खरं तर काळजी त्याचीच करायला हवी. माझ्या मते प्रत्येक ग्राहकाच्या स्वतःच्या दोन ऑर्डरींमधलं नेहमीचं अंतर काढावं. सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे अंतरं चढत्या क्रमाने लावली की मधोमध येणारं अंतर, बरा, कारण एखाद्या लांबलेल्या खंडाने तो बिघडत नाही. शेवटच्या ऑर्डरीला त्या अंतराच्या दुपटीहून जास्त काळ लोटला असेल तर 'थांबला' म्हणावं. दुप्पट हा माझा ठोकताळा आहे, तुमच्या धंद्याला दीडपट किंवा तिप्पट योग्य ठरेल. ज्याची एकच ऑर्डर आहे त्याचं अंतर निघतच नाही, अशांचा गट वेगळा ठेवा.

ग्राहकाच्या रेकॉर्डवर 'चालू' किंवा 'बंद' असं स्टेटसचं फील्ड असेल तर त्यावरून मागच्या महिन्यांचा चार्ट काढायला जाऊ नका. असं फील्ड आजची स्थिती सांगतं, नवी नोंद भरली की जुनी पुसली जाते. मार्चमध्ये किती ग्राहक चालू होते हे त्यातून आज कळणार नाही. बदलांचा इतिहास ठेवायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती सुरू केल्यापासूनच्याच नोंदी मिळतात, म्हणून ती आजच सुरू करा. ऑर्डरीच्या तारखा मात्र बदलत नाहीत, आणि तुमचा प्रश्न त्यांच्यावरूनच सुटतो.

प्रत्यक्ष चार्ट बनवताना दोन गोष्टी हमखास अडवतात. सेल्सफोर्समध्ये रिपोर्टला निदान एक ग्रुपिंग, म्हणजे ओळींचे गट कशावरून पाडायचे ते, दिल्याशिवाय चार्ट जोडायचं बटण चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स 365 या सीआरएममध्ये चार्ट समोर निवडलेल्या व्ह्यूवर, म्हणजे नोंदींच्या गाळलेल्या यादीवर, चालतो. व्ह्यू बदलला की तोच चार्ट वेगळे आकडे दाखवतो, आणि 'काल बरोबर होता, आज कसा बदलला' या तक्रारीचं उत्तर बहुधा तिथेच मिळतं. तिथे वैयक्तिक चार्ट आणि सर्वांसाठीचा सिस्टिम चार्ट हेही वेगळे असतात, त्यामुळे आधी वैयक्तिक बनवून पारखून घ्या.

चार्टचा प्रकार निवडायला फार वेळ घालवू नका. 1984 मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की एकाच पट्टीवरची उंची माणसाला कोनापेक्षा जास्त अचूक ओळखता येते. तुलना करायची असेल तर कोन वाचायला लावणारा पाय चार्ट सोडा, बार चार्ट घ्या आणि त्याची पट्टी शून्यापासून सुरू करा.

तुमच्या प्रश्नासाठी मी तर पहिल्या खरेदीच्या महिन्यानुसार गट पाडीन. जानेवारीत पहिल्यांदा आलेले 40 ग्राहक हा एक गट, फेब्रुवारीतले दुसरा. मग आडव्या ओळीत पहिल्या खरेदीनंतरचा पहिला, दुसरा, तिसरा महिना, आणि प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात पुन्हा खरेदी केलेल्यांची टक्केवारी. 40 पैकी 10 आले तर 25 टक्के. गटाच्या नावाशेजारी ग्राहकांची संख्या लिहाच, कारण चार जणांच्या गटातही एकजण आला की 25 टक्केच होतात. जो महिना अजून उजाडलेला नाही त्याची चौकट रिकामी सोडा, तिथे शून्य भरलं तर नवे ग्राहक पळून गेल्यासारखे दिसतील. चालू महिनाही पूर्ण होईपर्यंत वगळा, नाहीतर प्रत्येक रेघ शेवटी खाली कोसळते आणि मीटिंगमध्ये त्यावरच चर्चा होत बसते.

झाल्यावर पाच ग्राहक निवडा: एक नियमित, एक थांबलेला, एक एकाच ऑर्डरीचा, एक ज्याचे संपर्क अनेक आहेत असा आणि एक ज्याचं नाव यादीत दोनदा वेगळ्या स्पेलिंगने आलं असावं अशी शंका आहे असा. त्यांच्या ऑर्डरी हाताने मोजून चार्टशी ताडून पाहा.

डॅशबोर्ड, म्हणजे असे चार्ट एकत्र दाखवणारं पान, इतरांना देण्याआधी तो कोणाच्या परवानगीने चालतो तेही तपासा. सेल्सफोर्समध्ये तो एका ठरावीक वापरकर्त्याच्या हक्कांनी चालवता येतो, आणि मग ज्यांना ते ग्राहक एरवी दिसत नाहीत त्यांनाही त्यांचे आकडे दिसतात. तिथे 'पाहणाऱ्याच्या हक्कांनी' हा पर्याय निवडा. अर्थात, त्यानंतर दोघांना एकाच चार्टवर वेगळे आकडे दिसू शकतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.