आधी हिरडी, मग पांढरेपणा

यावेळच्या बहुतेक पत्रांत दात पांढरे कसे होतील हीच चौकशी आहे. उत्तरं देताना आम्ही क्रम थोडा बदलला आहे: हिरड्या आधी, रंग नंतर. सुजलेल्या हिरडीला ब्लीचिंगचं, म्हणजे दात पांढरे करण्याचं, जेल लागलं की आग होते, आणि किडीच्या खड्ड्यातून ते आत उतरलं तर दात ठणकतो.

प्रश्न: महिन्यापूर्वी स्केलिंग (यंत्राने दातांवरचं किटण काढणं) करून घेतलं. तेव्हापासून खालच्या पुढच्या दातांत फटी दिसतात, गार पाणी लागतं आणि दात किंचित हलतात. यंत्राने दातांचं एनॅमल (वरचं कठीण आवरण) घासलं गेलं का?

उत्तर: नाही. फटी आधीच होत्या, किटणाने बुजलेल्या होत्या. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं खालच्या पटाशीच्या दातांच्या मागेच उघडतात. लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे तिथला मऊ थर थोड्याच दिवसांत दगडासारखा घट्ट होतो. त्यावर नवा थर साचतो आणि हिरडीखाली उतरतो. मग हिरडी सुजते, दाताभोवतीचं हाड झिजतं. चार-पाच दात किटणाने एकमेकांना जखडलेले असले की हाड कमी झालं तरी हलणं जाणवत नाही. किटण निघालं की खरी स्थिती कळते. त्यात सूज उतरल्यावर हिरडी आवळते, म्हणून फट आणखी मोठी वाटते. हे आवळणं मात्र चांगलं लक्षण आहे.

स्केलरचं टोक सेकंदाला हजारो वेळा कंप पावतं आणि किटण त्या कंपनानेच सुटतं. टोकाची बाजू दातावर हलकेच टेकवायची असते आणि पाण्याचा फवारा सतत चालू हवा. अणी रोवली किंवा दाबून धरली तर मुळावर चरे पडतात. हा हाताचा दोष, यंत्राचा नव्हे.

आता दंतवैद्यांना एकच विचारा: पॉकेटची, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेची, खोली मोजली का? मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक प्रोब हिरडी आणि दात यांच्यामध्ये घालून प्रत्येक दाताभोवती ६ ठिकाणी खोली मोजतात. १ ते ३ मिमी ठीक. ४ मिमी किंवा जास्त असेल आणि प्रोब लावताच रक्त येत असेल, तर वरवरचं स्केलिंग पुरत नाही. भूल देऊन हिरडीखालची मुळं साफ करावी लागतात आणि २-३ महिन्यांनी पुन्हा मोजावं लागतं. मोजमाप न करता नुसतं ‘सहा महिन्यांनी या’ म्हणणं अपुरं आहे. तंबाखू ओढत असाल तर ‘रक्त येत नाही’ यावर विसंबू नका. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हिरडीचा आजार झाकला जातो. रक्तातली साखरही तपासून घ्या, कारण मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या भरून यायला वेळ लागतो.

गार लागण्यावर ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिवसातून दोनदा, सलग २ ते ४ आठवडे वापरा. दोन दिवसांत फरक पडत नाही म्हणून लोक ती सोडून देतात, आणि तिथेच चुकतं. रात्री घासून झाल्यावर थोडी पेस्ट बोटाने दातांच्या मुळाशी लावून तशीच राहू द्या. मोठ्या झालेल्या फटींसाठी दोऱ्यापेक्षा (फ्लॉस) इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत घालायचा बारीक ब्रश, चांगला. तो फटीत अडत-अडत पण जोर न लावता जायला हवा. सैल गेला तर मोठा माप घ्या.

प्रश्न: दोन महिन्यांनी घरात समारंभ आहे. दात पिवळट आहेत. पुढचा एक दात लहानपणी मार लागून काळपट झालाय, शेजारच्या दातात जुनं फिलिंग आहे. क्लिनिकमध्ये एका बैठकीत सगळं एकसारखं पांढरं होईल का?

उत्तर: एका बैठकीत नाही, पण दोन महिने पुरतात. अट एकच, सुरुवात याच आठवड्यात करा.

आधी काळपट दाताचा एक्स-रे. मार लागलेला दात दोन कारणांनी रंग बदलतो. करडा-काळा असेल तर बहुधा आतली नस मेलेली असते आणि रूट कॅनॉल करावं लागतं. गडद पिवळा असेल तर पुष्कळदा नस जिवंत असते. तिच्याभोवती डेंटिन (एनॅमलखालचा पिवळसर थर) साचत जाऊन पोकळी अरुंद झालेली असते. अशा दातात मुळाशी आजार नसेल तर निव्वळ रंगासाठी रूट कॅनॉल करू नये. या फरकाकडे फार दुर्लक्ष होतं.

रूट कॅनॉल झालेला दात आतून ब्लीच करतात. मुळात भरलेलं गटापर्चा (रबरासारखं भरण) हिरडीच्या पातळीखाली सुमारे २ मिमी काढून त्यावर सिमेंटचा थर बसवतात, मग पोकळीत सोडियम परबोरेट हे रंग उडवणारं औषध भरून दात तात्पुरता बंद करतात. काही दिवसांनी औषध बदलतात. २ ते ४ फेऱ्या लागतात. सिमेंटचा थर वगळला तर औषध मुळाच्या बाजूला झिरपतं आणि काही वर्षांनी मूळ बाहेरून विरघळू शकतं. म्हणून तो थर बसवणार आहेत ना, हे स्पष्ट विचारा.

बाकीच्या दातांसाठी घरच्या ट्रेचा मार्ग आम्हाला जास्त पसंत आहे. दातांचं माप घेऊन पातळ ट्रे करतात. त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, प्रत्येक दातामागे एक लहान थेंब, आणि तोही ट्रेच्या पुढच्या बाजूला. रात्रभर घालायचं, २ आठवडे. बाहेर आलेलं जेल लगेच कापसाने टिपा, नाहीतर हिरडी पांढरी पडून चुरचुरते. दात शिवशिवले तर एक रात्र आड करा. क्लिनिकमधलं जेल बरंच तीव्र असतं, २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणून हिरड्यांवर आधी संरक्षक थर द्यावाच लागतो. त्या बैठकीनंतर दात एकदम पांढरे दिसतात, पण त्यात दात सुकल्याचाही भाग असतो. काही दिवसांत पाणी परत मुरलं की रंग थोडा उतरतो आणि लोकांना फसल्यासारखं वाटतं.

फिलिंग, कॅप, सिरॅमिक यांचा रंग ब्लीचने बदलत नाही, त्यामुळे जुनं फिलिंग नंतर वेगळं दिसेल. ते बदलायचं, पण ब्लीचिंग संपल्यावर २ आठवडे थांबून. दातात उरलेला ऑक्सिजन फिलिंगला नीट घट्ट होऊ देत नाही. तोवर दाताचा रंगही स्थिरावतो. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात हे सगळं टाळा.

प्रश्न: लिंबू आणि कोळशाची पावडर लावली की दात चमकतात. नुकसान काय?

उत्तर: एनॅमल साधारण ५.५ पीएचच्या (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) खाली विरघळू लागतं. लिंबाचा रस त्याहून कितीतरी आम्लधर्मी. मऊ पडलेल्या थरावर पावडर घासली की तो निघून जातो आणि परत येत नाही. खाली असतं ते डेंटिन, पिवळं. म्हणजे पांढरे करायला गेलेले दात कायमचे पिवळे होतात. कृपया आजच बंद करा.

प्रश्न: दिवसातून तीनदा घासूनही दोन दाढांच्या मध्ये कीड लागली. असं कसं?

उत्तर: ब्रशचे केस तिथे पोचतच नाहीत. साधारण ४५ सेंटिमीटर दोरा घ्या, मधल्या बोटांना गुंडाळा, फटीत करवतीसारखा मागेपुढे करत उतरवा. मग एका दाताला कवटाळून खालून वर घ्या, नंतर शेजारच्या दाताला. नुसता सरळ घालून काढला तर अन्नाचा कण निघतो, थर तसाच राहतो.

दुसरं कारण चूळ. पेस्टमधलं फ्लोराइड, मोठ्यांसाठी १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), दातावर राहिलं तरच काम करतं. घासून झाल्यावर फेस थुंका, खळखळून चूळ भरू नका. रात्रीचं घासणं कधीही चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते. तीनऐवजी दोनदाच घासा, पण प्रत्येक वेळी २ मिनिटं, मऊ ब्रशने, केस हिरडीकडे ४५ अंशात तिरके धरून.

प्रश्न: पुढचे दात थोडे वेडेवाकडे आहेत. व्हिनीर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा) लवकर होतं म्हणतात. बसवू का?

उत्तर: दात निरोगी असतील तर आमचं मत अलाइनरकडे, म्हणजे दात हळूहळू सरकवणाऱ्या प्लास्टिकच्या ट्रेंकडे, झुकतं. व्हिनीरसाठी बहुधा ०.३ ते ०.७ मिमी एनॅमल कापतात, दात जितका वाकडा तितकं जास्त. कापलेलं परत येत नाही आणि व्हिनीर पुढे कधीतरी बदलावंच लागतं. अलाइनरमध्ये दिवसाला २० ते २२ तास ट्रे घालावा लागतो. एक ट्रे दात सुमारे पाव मिलिमीटर सरकवतो. तास कमी पडले की पुढचा ट्रे बसत नाही. उपचार संपल्यावर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारा ट्रे) रात्री घालत राहा, नाहीतर दात परत सरकतात. तो थंड पाण्यानेच धुवा. गरम पाण्याने प्लास्टिक वाकतं आणि मग रिटेनर नवा करावा लागतो.